परागकण मोजणारी

वर्गात तिला सगळे मुंगी म्हणायचे. लहानखुरी, खाली मान घालून चालणारी, आणि एकदा कामाला बसली की उठायचं नाव नाही. मी तिचा वनस्पतिशास्त्राचा शिक्षक. तिच्या आयुष्याचा मी खोळंबा केला, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे गोड गोड बोलायचा मोह व्हायचा.

तेव्हा माझा प्रबंध चालू होता, हवेतल्या परागकणांवर. काचपट्टीवर चिकटलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे आणि कणागणिक मोजणीयंत्राचं बटण दाबायचं. बाकीची मुलं अर्ध्या तासात डोळे चोळत चहाला पळायची. मुंगी तीन-तीन तास बसायची. गवताचा कण कुठला आणि तणाचा कुठला यात माझी गल्लत व्हायची, तिची नाही.

दुसऱ्या वर्षी ती एक फॉर्म घेऊन आली. पदवीबरोबर जोडविषय म्हणून संगणकाचा मायनर घ्यायचा होता. त्यावर माझी सही लागत होती.

"सर, प्रोग्रॅम लिहिता आला तर हे मोजायचं कामसुद्धा सोपं होईल ना?"

मी तासांच्या वेळा बघितल्या. मंगळवार आणि गुरुवार दुपार. नेमक्या माझ्या काचपट्ट्यांच्या वेळा.

"कशाला नसती उठाठेव?" मी म्हणालो. "दोन डगरींवर पाय ठेवू नकोस."

तिने फॉर्मची घडी करून वहीत ठेवली. पुढच्या आठवड्यात तिच्याच वर्गातला, सगळे ज्याला गबाळ्या म्हणायचे तो मुलगा, तसाच फॉर्म घेऊन आला. त्याला परागकण आणि धूळ यांतला फरक कळत नव्हता, त्यामुळे तो गेल्याने माझं काही अडणार नव्हतं. मी न वाचता सही ठोकली.

माझा प्रबंध पार पडला, सत्कार झाला. ऋणनिर्देशात मुंगी सातव्या ओळीत होती, आमच्या प्रयोगशाळेच्या शिपायानंतर.

पुढे हवा तपासणाऱ्या एका कार्यालयात तिला कंत्राटी नोकरी लागली. दम्याच्या रुग्णांसाठी रोज परागकणांचा आकडा काढायचा. नऊ वर्षं तिने तो काढला. मग तिथे कॅमेऱ्याने मोजणारं यंत्र आलं, आणि त्याचा प्रोग्रॅम सांभाळायला साहेब म्हणून आला तो गबाळ्या! पोरगा वाईट नाही. कण ओळखायला तो अजून तिलाच विचारतो. यंत्राने धुळीला परागकण म्हटलं की ती लगेच पकडते, पण दुरुस्ती तिला येत नाही. मग ती चिठ्ठी लिहून त्याच्या टेबलावर ठेवते.

गेल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. कंत्राट महिनाअखेरीला संपतंय. पुढे प्रोग्रॅम दुरुस्त करू शकेल त्यालाच ठेवणार. मात्र संगणकाच्या मायनरला नाव घातल्याचा कागद दाखवला, तर तिला वर्षभराची मुदत मिळेल. जुन्या विद्यार्थ्यांना आता आमच्या कॉलेजात तो मायनर पुरा करता येतो, फक्त शिफारस लागते.

"दोन ओळी लिहून द्या, सर."

मी पेन उघडलं आणि तसाच बसलो. लाज वाटत होती, त्याला दुसरा शब्द नाही.

"तेव्हा मी तुझ्या भल्यासाठी नाही म्हटलं नव्हतं," शेवटी मी म्हणालो. "तू गेली असतीस तर माझी मोजणी अडली असती. म्हणून अडवलं तुला."

"माहीत आहे, सर. तेव्हाच कळलं होतं."

"मग भांडली का नाहीस?"

ती जराशी हसली. "घरी मला कोणी कामाची समजत नव्हतं. तुमचं माझ्यावाचून अडतंय, याचंच मला फार अप्रूप वाटलं." मग तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहा ना. तीनला ऑफिस बंद होतं."

दोन ओळींच्या जागी मी पानभर लिहिलं. तिने ते वाचलंही नाही, फक्त सही आहे ना बघितलं, आणि "येते सर" म्हणून निघाली. चार शब्द सुनावून गेली असती, तर निदान माझा जेवणाचा घास तरी उतरला असता.