नाताळच्या सुट्टीतली घंटा

साल २०२३. माझं वय एकाहत्तर. आधार कार्डावर अडुसष्ट आहे, पण ते लिहिणाऱ्याने माझ्याकडे पाहून अंदाजाने लिहिलं. मी माझं वय धरतो.

तेव्हा मी राळेगावच्या रस्त्यावरच्या एका कॉन्व्हेंट शाळेत शिपाई होतो. शिक्षण चौथी नापास. त्या शाळेत इंग्रजी न येणारे दोघंच, मी आणि घंटा. घंटा म्हणजे बंद पडलेल्या लहान रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, कडुलिंबाला तारेने टांगलेला. सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी सुटताना मी तिच्यावर गजाने टोल द्यायचो. मधल्या तासांना विजेची बेल होती, ती ऑफिसातून वाजायची. तिचा आवाज फाटकापर्यंत जात नसे. माझा आवाज शेतं ओलांडून जायचा.

नाताळ झाला आणि शाळेला नव्या वर्षापर्यंत सुट्टी लागली. मोठ्या सिस्टर केरळात आपल्या घरी गेल्या. जाताना किल्ल्या देऊन म्हणाल्या, "मुलं नाही तर घंटा नाही. लक्षात ठेवा." हे त्यांना सांगावं लागलं, कारण आदल्या वर्षी मी सुट्टीतही सवयीने टोल दिले होते आणि दोन घरची पोरं दप्तरं घेऊन फाटकावर आली होती. तेव्हा मी सिस्टरला म्हटलं होतं की पोरांना शिकायची हौस आहे, त्यात माझा काय दोष. ते त्यांना पटलं नाही.

सुट्टीत मला काम एवढंच. झाडांना पाणी घालायचं आणि गव्हाणी सांभाळायची. व्हरांड्यात येशूच्या जन्माची गव्हाणी मांडली होती. थर्माकोलची मेंढरं, गवताचं छप्पर आणि आत गवतावर प्लास्टरचं बाळ. ती नव्या वर्षापर्यंत ठेवायची असते. बाजूच्या वस्तीतल्या शेळ्यांना हे गवत नाताळच्या दिवशीच कळलं होतं. नाताळनंतर दोन दिवसांनी सकाळी मी पोचलो तर एक शेळी अर्धं छप्पर खाऊन थर्माकोलच्या मेंढराचा वास घेत उभी होती. तिला हाकललं. ती फाटकाबाहेर गेली आणि तिथेच बसली. तिलाही दुसरं काम नव्हतं.

मी उपाशी होतो. आमच्या बुढीने, म्हणजे बायकोने, त्या दिवशी डबा दिला नव्हता.

त्याचं कारण असं. शाळेच्या तारेपलीकडे एका शेतमालकाची तूर होती. तिची सोंगणी, म्हणजे कापणी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली आणि आमच्या गावच्या बाया रोजाने त्यावर होत्या. आमची बुढी त्यांच्यात. मागच्या हंगामात वेळेवरून फार भांडणं झाली होती. मालकाचा मोबाइल नेहमी मागे आणि बायांचे मोबाइल नेहमी पुढे. म्हणून यंदा बोली झाली ती घंटीवर. सकाळच्या घंटीला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हजर, संध्याकाळच्या घंटीला सुट्टी. घंटीनंतर पोचलं किंवा घंटीआधी धुरा सोडला तर अर्धा रोज. बोली झाली तेव्हा शाळा चालू होती. नाताळची सुट्टी पुढे उभी आहे हे कोणालाच सुचलं नाही. मालकाला सुचलं होतं की नाही, ते तोच जाणे.

सोंगणीच्या पहिल्या दिवशी सकाळी बाया एसटीने येऊन घंटीवाचूनच कामाला लागल्या. संध्याकाळ झाली, घंटा काही वाजली नाही. बाया कंबर धरून उभ्या राहिल्या तर मालक म्हणाला, "घंटी कुठं झाली?" दिसेनासं होईपर्यंत तूर सोंगली. तोवर गावाकडची शेवटची एसटी निघून गेली. सगळ्या पायी घरी आल्या. मी सायकलने कधीचाच येऊन चूल पेटवून बसलो होतो. बुढी आली, पाय धुतले, माझ्याकडे न पाहता स्वयंपाक केला आणि झोपली. सकाळी डबा एकच बांधला, तिचा.

मी मागितला नाही. मागणं माझ्या स्वभावात नाही.

तर त्या दुपारी बाया तारेजवळच्या बाभळीखाली भाकरी खायला बसल्या. मी नळी धरून जास्वंदीला पाणी देत होतो. जास्वंदीला पाणी नको होतं, पण तार तिकडेच होती.

एक बाई, बुढीच्या बरोबरीची आणि जिभेने तिखट, मोठ्याने म्हणाली, "काहो भाऊजी, रूळ चोरीले गेला काय?"

"रूळ जागेवर हाये."

"मंग हात चोरीले गेला असन."

सगळ्या हसल्या. आमची हसली नाही. ती कांदा फोडत होती.

"शाळा बंद हाये," मी म्हटलं. "सिस्टरनं सांगतलं, पोरं नाही तं घंटी नाही. मी नियमानं चालतो."

"चाला चाला. तुमी सायकलीवर नियमानं चाला, आमी पायी चालून राह्यलोच."

मग बुढी बोलली, पण माझ्याशी नाही, कांद्याशी. "त्याईले काही म्हनू नोका वो. इतक्या वर्सांत मी सांगतलेलं आयकलं नाही, आता कायले आयकतीन?"

जेवण झाल्यावर ती तिखट जिभेची बाई पाणी प्यायला नळावर आली. तांब्या भरता भरता हळूच म्हणाली, "भाऊजी, घंटीची बोली कोनं लावली मालूम हाये? तुमच्या घरचीनं. मालक म्हने, घंटी मांगंपुढं झाली तं? तं ते म्हने, माह्या मान्साच्या हातची घंटी हाये, तिच्यात खोट नाही. आता सांगा, साऱ्या बाया तिले काय बोलत असतीन?"

तांब्या घेऊन ती गेली. मी नळी बंद केली. पन्नासएक वर्षांच्या संसारात बुढीने माझी तारीफ केलेली ही पहिलीच ऐकली, आणि तीही परस्पर. पण म्हणून नियम बदलत नाही. मी व्हरांड्यात जाऊन बसलो. शेळी दोनदा आली, दोनदा हाकलली.

उन्हं कलल्यावर मालक मोटरसायकलवरून फाटकात आला. एरवी तो माझ्याकडे मान वळवूनही पाहत नाही. त्या दिवशी गाडी स्टँडवर लावून आत आला.

"राम राम काका. बरं चाललं ना?"

"चाललं."

"काका, एक सांगाचं होतं. घंटी आता जानेवारीपर्यंत राहूच द्या. बाया लय पाठीमागं लागतीन, त्याईच्याकडं ध्यान देऊ नोका. तूर निघाली का पायलीभर दाळ पाठवतो घरी."

"दाळ कायची?"

"अशीच. तुमाले काही कराचं नाही त्याच्यासाठी."

मी म्हटलं, "काही न कराचा पगार मले शाळा देऊन राह्यली. दोन जागचा घेत नाही मी."

त्याला वाटलं मी गंमत करतो. हसला, खांद्यावर हात ठेवला आणि गेला. खांद्यावर हात ठेवलेला मला चालत नाही.

आता मी अडचणीत होतो. सिस्टरचा नियम मोडायचा नव्हता. पण तो नियम मी सिस्टरसाठी पाळत होतो, आणि आता तो या माणसासाठी पाळला जात होता, वर डाळीचं बोलणं झालं होतं. मी व्हरांड्यात येरझारा घातल्या. सिस्टर काय म्हणाल्या ते शब्द न शब्द आठवलं. मुलं नाही तर घंटा नाही.

मी गव्हाणीत वाकून पाहिलं. बाळ होतं. नाताळापासून एक दिवस न चुकता हजर. अंगाखालचं गवत शेळीने ओढलेलं, तरी जागेवर.

म्हणजे शाळेत एक मूल होतं.

ऑफिसातल्या घड्याळात सुटायची वेळ झाली तसा मी गज घेतला, कडुलिंबाखाली उभा राहिलो आणि रोजचे टोल दिले. एक कमी नाही, एक जास्त नाही. पलीकडे विळे थांबले. मालकाचा आवाज आला, "अबे, सुट्टीत कायची घंटी?" त्यावर बायांचा इतका गलका झाला की त्याचं पुढचं काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने एसटी थांबल्याचा आणि निघाल्याचा आवाज आला. रस्ता रिकामा झाला.

पुढे जानेवारीत सिस्टर परत आल्यावर मी त्यांना आपण होऊन सगळं सांगितलं, बाळासकट. त्या म्हणाल्या, गव्हाणी आजच आवरून ठेवा.

पण ते नंतरचं. टोल दिले त्या संध्याकाळी घरी बुढीने वांग्याची भाजी केली होती. माझ्या ताटात वाढली, स्वतःला वाढून घेतली. सकाळी सायकलच्या हँडलला डबा टांगलेला होता.

शाळेत जाऊन मी आधी गव्हाणीचं छप्पर नीट केलं. मग भरायची वेळ झाली. संध्याकाळी घंटी होते तर सकाळीही झाली पाहिजे, एका बाजूची घंटी मी वाजवत नाही. एसटी त्या दिवशी उशिरा आली होती. बाया अजून रस्त्यावरच होत्या, बुढी सगळ्यांच्या पुढे, डोक्यावर डबा आणि हातात विळा. मालक धुऱ्यावर उभा होता. मला कडुलिंबाखाली पाहून बुढी लांबून ओरडली, "आवं थांबा ना जरासं! पोहचू तं द्या!"

मी गज उचलला आणि वेळेवर टोल दिले.