सातवीच्या वर्गात माझी समस्याच सापडेना

थांबा थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे, नाहीतर माझं पोट फुटेल. मी आत्ताच तोंडी परीक्षा देऊन आले, सांगलीतल्या कॉलेजच्या पायरीवर बसलेय आणि दोन्ही अंगठ्यांनी टाईप करतेय. चुका असल्या तर पोटात घाला.

माझं बी.एड.चं दुसरं वर्ष. यात एक कृतिसंशोधन करावं लागतं. म्हणजे शाळेत जायचं, पोरांची एक अडचण शोधायची, आधी एक चाचणी घ्यायची, पंधरा दिवस उपाय करायचा, मग परत चाचणी घ्यायची. मार्क वाढले की अहवाल स्पायरल करून आणायचा. हे पास नाही झालं तर बी.एड. पुढच्या वर्षावर, आणि आमच्या घरात पुढचं वर्ष मला कुणी देणार नव्हतं. आईनं तसं स्वच्छ सांगितलं होतं.

माझा विषय होता सातवीच्या मुलांच्या अपूर्णांकाच्या बेरजेतल्या चुका. कॉलेजातल्या मार्गदर्शक सरांनी मंजूर केला. मी हुशार, म्हणून पहिली दोन प्रकरणं आधीच लिहून टाकली. ‘विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर चुका करतात’ असं ठळक अक्षरात. वर्ग अजून बघितलाही नव्हता!

पहिल्या दिवशी पेपर वाटायला लागले तर पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, “म्याडम, ही आधीची चाचणी का नंतरची?”

“म्हणजे?”

“आवं, आधीची आसली तर चुकवायची आसती. नंतरची आसली तर बरोबर.”

“कुणी सांगितलं तुला?”

“दरवर्षी आसतंय की! तुमच्या कॉलेजचे येत्यात. पाचवीपास्नं आमी चुकवतोय. गेल्या वर्षीच्या सरांची तर लय सोपी व्हती, तरीबी चुकवली. मेहनत लागती म्याडम.”

मला एकदम नैतिकता सुचली. म्हटलं, अजिबात नाही, खरं येतंय तेवढंच लिहा. वर्गात कुजबुज झाली. बिचाऱ्यांना असं कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

पेपर तपासले. एक पेपर सोडला तर सगळ्यांना पैकीच्या पैकी. अहो, येणारच ना! पाचवीपासून दरवर्षी कुणीतरी त्यांच्यावर याच अपूर्णांकांचा उपाय करत आलंय. पोरं पार पक्की झालेली.

मी पेपरांचा गठ्ठा घेऊन मार्गदर्शक सरांकडे. “सर, समस्याच नाही.”

सरांनी चष्मा वर केला. “नाही कशी? विषय मंजूर झालाय. म्हणजे समस्या असणारच. नीट बघा.”

पप्पांना फोन केला. आमचे पप्पा विट्याकडच्या बऱ्याच माणसांसारखे लांब परराज्यात सोनं गाळायच्या दुकानात. म्हणाले, “आगं, आमी सोनं गाळतो तवा कचरा तरी घावतोय. तुला त्योबी घावंना व्हय?”

दुसऱ्या दिवशी माझं तोंड बघून वर्गालाच दया आली. “म्याडम, आमी परत चुकवून देतो की. किती जण पायजेत?”

आता खरं सांगते. मी नाही म्हणाले नाही. मी म्हणाले, “बारा जण.”

मग जे सुरू झालं ना! “मी गेल्या वर्षी चुकवलंय, औंदा माझी पाळी न्हाई.” “छेद चुकवू का बेरीज? दोन्ही चुकवलं की खोटं वाटतंय गड्या.” एकजण तर मला शिकवायला लागला, “सगळ्यांना शून्य नको म्याडम. मागं एकांना तसं दिलं, तर त्यांचे सर वरडले. दोन-तीन मार्क ठिवायचे.” मी वहीत टिपून घेत होते हो! संशोधनाची पद्धत म्हणून!

तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. यंदाच आलेली, घरची मेंढरं, मेंढरांमागं गावं बदलत शाळाही बदललेली. म्हणाली, “म्याडम, मला धरू नका त्यात. माझं आपसूकच चुकतंय.”

तो एक पेपर हिचाच. एक छेद दोन अधिक एक छेद तीन, उत्तर दोन छेद पाच. वरचे वर, खालचे खाली. म्हटलं, असं का केलंस?

“दोन मेंढरात एक काळं. दुसरीकडं तिनात एक काळं. एकत्र हाकली तर पाचात दोन काळी. मग बरोबरच हाय की.”

मी खडू घेऊन उभी. वर्ग माझ्याकडं बघतोय. मला उत्तर येईना. पैकीच्या पैकीवाल्यांनाही येईना! त्यांना बेरीज येत होती, पण हिचं का चुकलं ते एकालाही सांगता येईना.

तीन दिवस मी त्या मेंढरांनी हैराण. शेवटी खोलीवरून डब्यात भाकरी घेऊन गेले. एकाच भाकरीचे सहा सारखे तुकडे. अर्धी भाकरी म्हणजे तीन, तिसरा हिस्सा म्हणजे दोन. सहातले पाच. ती बोटानं तुकडे मोजत म्हणाली, “व्हय की! कळप एकत्र केला की कळप मोठा हुतोय. भाकरी तेवढीच ऱ्हाती.”

मी टाळ्या वाजवल्या. नेमके तेव्हा सर पाठाचं निरीक्षण करायला आले. “शैक्षणिक साधन कुठाय?”

“खाल्लं, सर,” अख्खा वर्ग म्हणाला.

मग मी बारा जणांना सांगितलं, नका रे चुकवू. दोन्ही प्रकरणं फाडली आणि एकाच मुलीवर अहवाल लिहिला. सर म्हणाले, “नमुना एक? आणि प्रमाण विचलन?” मी काढलं. एकीच्याच मार्कांत फरक कुणाशी पडणार? शून्य आलं. टेबल करून, चौकट मारून लावलं.

आणि आज बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी तोच प्रश्न विचारला. “एक मुलगी? याला संशोधन म्हणायचं?”

मी बोलून गेले, “मॅडम, बारा जण खोटं चुकायला तयार होते. खरं एकीचंच चुकत होतं.”

सर पंख्याकडं बघायला लागले. मॅडमनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. अगदी शेवटपर्यंत, शपथ! मार्क लिहिले, म्हणाल्या, “पास आहेस, जा.” मी दारापर्यंत पोचले आणि मागून ऐकू आलं, “सर, या शाळेतले मागच्या वर्षांचे अहवाल कपाटात असतील ना? काढा जरा.”

सरांना चहाचा ठसका लागला. कपाटाची किल्ली अजून सापडत नाहीये म्हणे. शिपाईमामा दोनदा माझ्यासमोरून पळत गेले.

मास्तर लोकहो, आणि होऊ घातलेल्या मास्तरांनो, खरं सांगा. तुमच्यावेळी पोरं खरंच चुकत होती, का तुमच्यासाठी चुकली होती? झालंय का कुणाचं असं?