चौथी पिन आणि राजेशम मामांचं पेन

मंडळी, आज दुपारी माझा कॉम्प्युटर थोडक्यात वाचला, म्हणून लगेच लिहितोय.

दहा मिनिटांत तापून बंद पडायचा. उद्या प्रॅक्टिकलचे मार्क भरायचेत आणि सगळ्या फायली त्यातच. म्हटलं, हीटसिंक, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा पंख्याखालचा धातूचा ठोकळा, काढून धूळ झाडू.

ती मदरबोर्डवर चार प्लास्टिकच्या पिनांनी बसवलेली असते. तीन पिना फिरवल्या, निघाल्या. चौथी काही हलेना. पक्कड लावून ओढली, तर बोर्डच वाकायला लागला. शेवटी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणार, तेवढ्यात शेजारचे राजेशम मामा पेपर न्यायला आले. मामांचा जन्म टॉवेलच्या यंत्रमागावर गेला. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावलेला नाही.

"थांबा की सर! उलटं करून बघितलं का?"

नव्हतं बघितलं. टॉवेलात खोट दिसली की आधी कापड उलटं करायचं, ही त्यांची सवय. स्क्रू काढून बोर्ड बाहेर घेतला, उलटा केला, तर पिनेचे दोन पाय फाकून अडकलेले. मामांनी खिशातल्या पेनाची रिफिल काढली, पेनाची रिकामी नळी त्या पायांवर बसवली आणि हळूच दाबली. पाय जवळ आले. टक्! पिन बाहेर.

मी अठरा वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवतोय, मंडळी.

आभार मानायला लागलो, तर म्हणाले, "ते राहू द्या, माझी रिफिल कुटं गेली बघा. पेपरातलं कोडं सोडवायचंय."

धूळ झाडून सगळं परत बसवलं. आता पंखा मस्त फिरतोय, कॉम्प्युटर बंद पडत नाही. जोर लावून काहीतरी मोडणार होतात, तेव्हा तुम्हाला "थांबा की" कोण म्हणालं होतं?