सड्यावरचा हत्ती आणि तीन कंत्राटदार

सड्यावरून, त्या उघड्या कातळमाळावरून, घरी आलं की साडीच्या काठाला कुसळं लागलेली असायची. एक काढावं तर शेजारी दोन! आमच्या पुरातत्त्व खात्यातल्या मॅडमचे किस्सेही तसेच. एक सांगायला बसले की दुसरा बोचतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. रत्नागिरीहून नवा रस्ता काढायचा होता. त्याआधी वाटेतली जुनी देवळं, वीरगळ, कातळावर कोरलेली चित्रं नकाशावर यायला हवी होती. नकाशात जे नाही, त्यावरून रस्ता जाणार! नकाशे करायला तीन कंत्राटदार आले होते. कोणाचं काम खरं, ते जागेवर जाऊन तपासायचं काम मॅडमचं. मी सातवी शिकलेली, टेपचं टोक धरायला. माझी सव्वा वर्षाची गौरीही बरोबर. आणि माझा जीव टांगलेला, कारण माझ्या माहेरच्या सड्यावर एक हत्ती कोरलेला आहे. तो नकाशात येणार की नाही?

*

पहिला कंत्राटदार जाडजूड फाईल घेऊन ऑफिसात आला. "सगळा सडा पायाखाली घातला, मॅडम!"

मॅडमनी फाईल उघडलीच नाही. म्हणाल्या, "जरा पाय पुढे करा बघू."

मोजे पांढरेशुभ्र!

"दिवाळीनंतर सडा फिरलात आणि एक कुसळ नाही? विमानानं गेला होतात काय?"

*

दुसऱ्याच्या नकाशात होतं, 'प्राचीन पायऱ्यांचा तलाव'. आम्ही हौसेनं बघायला गेलो. तर जांभ्या दगडाची चिरेखाण! खड्ड्यात पावसाचं पाणी, कडेचे चिरे मशीननं कापलेले.

खाणवाला शेजारीच चहा पीत होता. मॅडमनी त्याला विचारलं, "हे किती जुनं हो?"

त्यानं कप खाली ठेवला. "गेल्याच वर्षीचं, मॅडम! पण परवाना आहे, आईशप्पथ!"

*

जुनं काही सापडलं की रस्ता वळतो, ही बातमी वाड्यांवर आमच्या जीपच्या आधी पोचायची. पावस गावाकडच्या एका बागवाल्यानं बांधावरच्या झाडून सगळ्या दगडांना शेंदूर फासला. मॅडमनी एकाला हात लावला. बोटं लाल!

"हा देव कधीचा?"

"पूर्वापार! पणजोबांच्या वेळचा!"

आमचे ड्रायव्हर दाऊदभाई जीपमधून ओरडले, "अवो, मग ओला कसा?"

"म्हणजे? देवानं आंघोळ करू नये?"

*

मोठे साहेब एकदा मला बघून कुरकुरले, "साईटवर मूल कशाला आणता?" हिला ठेवणार कुठे?

मॅडम म्हणाल्या, "साहेब, आपल्या तिन्ही कंत्राटदारांनी मिळून पाहिला नाही, तेवढा सडा या पोरीनं पाहिलाय!"

साहेबांनी पुन्हा विषय काढला नाही. त्या दिवशी घरी जाताना मीच साहेब झाल्यासारखी चालत होते.

*

मग माझ्या माहेरच्या सड्याची पाळी आली. तिसऱ्या कंत्राटदाराच्या नकाशात हत्तीची जागा कोरी! मॅडम त्यालाच घेऊन वर आल्या. भर दुपार. उभ्या उन्हात कोरलेली रेघ दिसतच नाही.

"बघा, नुसता कातळ," तो म्हणाला.

"पाणी ओतलं की दिसेल," मी म्हटलं.

सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या. माझ्या पिशवीत गौरीचं पाणी तेवढं होतं. हात क्षणभर अडला. मग ओतलं. पाणी रेघांतून पळालं. सोंड उमटली, पाठ उमटली, चारी पाय उमटले. माझ्या डोळ्यांना धार! मॅडमनी त्याच्याच नकाशावर हत्ती मांडला.

आणि गौरीनं तहानेनं भोकाड पसरलं.

"एखादं राहतं हो, मॅडम," कंत्राटदार सावरत म्हणाला. "पण बाकी नकाशा पक्का. देवळं, विहिरी, सगळं स्वतः फिरून मांडलंय."

"हो का?" मॅडमनी त्याचा नकाशा त्याच्याच हातात दिला. "मग इथे जवळच जुनी विहीर दाखवलीत ना? पोरीसाठी पाणी घेऊन या."

त्यानं नकाशा पाहिला. चहूकडे सडा पाहिला. मग गौरीवर छत्री धरून बसलेल्या दाऊदभाईंच्या कानाशी वाकला.

"भाई, विहीर कुठल्या बाजूला हो?"