अट्रॅक्टाचा टोळ वटवट्या

माझ्या बायकोच्या, अट्रॅक्टाच्या पायाला बाराही महिने भिंगरी असते, पण एप्रिल संपत आला की तिच्याजवळ बसणंही नको होतं. चहा ओतते आणि प्यायचा विसरते. मागचं दार उघडते, कान देते, दार लावते, पुन्हा उघडते. आफ्रिकेतून येणाऱ्या एका मूठभर पक्ष्याची ती वाट बघत असते.

टोळ वटवट्या हे त्याचं नाव. रंगाने मळकट, आणि दिसतोही क्वचित, कारण उडण्यापेक्षा गवताच्या बुडातून उंदरासारखं पळणं त्याला बरं वाटतं. ओळखायचा तो आवाजावरून. मासे धरायच्या गळाचं रीळ कुणी फिरवत बसावं तसं कोरडं, बारीक किर्रर्र, दम न घेता, किती तरी वेळ. असं अट्रॅक्टा सांगते. दलदलीतली जळणाची माती खणणाऱ्या यंत्रावर मी उभा जन्म काढला, त्यामुळे माझे कान कधीच कामातून गेले. "भिंतीशी बोलावं तर ती निदान मध्ये जांभई देत नाही," असं ती मला ऐकवते, आणि तेही ओरडून.

रॉसकॉमन जिल्ह्यातल्या आमच्या भागात ती सायकलवरून टपाल वाटायची. चाक फिरत असतानाच कुंपणात कोण गातंय हे तिला कळायचं. पत्र हातात देताना ती सांगायची, "तुमच्याकडे काळटोपी वटवट्या आलाय हो, मांजराला आत ठेवा." ती कधी चुकली नाही. आणि ते तिला पक्कं माहीत आहे, हीच खरी पंचाईत.

यंदा कोकीळ आली, काळटोपी आला, पाकोळ्यांनी गोठ्यात घरटं बांधलं. सगळ्यांचे आवाज तिने ऐकले. टोळ वटवट्याचा मात्र पत्ता नाही. मे उजाडला तशी ती रस्त्यापलीकडच्या फिंटनच्या शेताकडे बघायला लागली. फिंटन आमच्याहून बराच लहान, एकटा राहणारा, भला माणूस. हिवाळ्यात त्याने कडेची काटेरी झुडपं छाटली होती. मार्च लागला की पाखरांसाठी छाटणीला बंदी असते, आणि फिंटनचं काम त्याआधीच उरकलं होतं. पण मार्चात त्याच्या अंगणात करवत वाजली ती जळणाच्या लाकडावर, हे अट्रॅक्टाला पटेना.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या दारातच तिने त्याला गाठलं. लोक चालता चालता थबकले.

"हाकललास ना माझ्या पक्ष्याला?"

"अगं, कुठे हाकलला? पंधरा दिवस झाले, माझ्या खिडकीखाली किरकिरतोय. पहाटेची झोप नाही मला."

"तोडायचं, आणि वर थट्टा करायची."

"थट्टा कसली? ये आणि ऐक की."

"रोज ऐकते मी. माझे कान काय मॅलकीचे आहेत?"

लोक हसले. मॅलकी म्हणजे मी; मीही हसलो, अर्धं कळलं नव्हतं तरी. फिंटन मात्र लाल होऊन निघून गेला. दरवर्षी आमच्या जळणाच्या मातीच्या विटा तोच वाळायला उभ्या रचून देतो. यंदा त्या दलदलीत आडव्या भिजत पडल्या, आणि माझी कंबर काही वाकत नाही. अट्रॅक्टाला त्याचं काही नव्हतं. सोमवारी वन्यजीव अधिकाऱ्याला फोन करणार, असं तिने जाहीर केलं. शेजार कायमचा तुटणार हे मला दिसत होतं.

सोमवारी सकाळी, फोनच्या आधी, तिने मला फिंटनच्या कुंपणापाशी ओढत नेलं. झुडपं गेल्याचं मी साक्षीदार म्हणून बघायचं होतं. बहिऱ्याला साक्षीला नेलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

गवतात काही तरी सरपटलं. "उंदीर," मी म्हणालो. उंदीर काटेरी फांदीवर चढला. तपकिरी, मूठभर. त्याने चोच सताड उघडली, गळा थरथरू लागला, अख्खं अंग थरथरू लागलं, आणि तो डोकं हळूहळू इकडून तिकडे वळवत राहिला.

अट्रॅक्टाने माझा दंड पकडला. ती थांबली. मान कलती करून कान देत राहिली.

"मॅलकी, हा गात का नाहीये?"

मला तर ट्रॅक्टरही ऐकू येत नाही. मी तिच्याकडे बघितलं, आणि तिला कळलं होतं: म्हातारपणी कानांतून सगळ्यांत बारीक सूर आधी जातो. तिचा चेहरा इतका म्हातारा मी कधी पाहिला नव्हता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मला वाटलं, ती आता घरी जाऊन दार लावून घेईल. ती तडक फिंटनच्या फाटकाशी गेली, आणि मी मागोमाग, दोघांच्या ओठांवर नजर ठेवून. तो हातात भांडं घेऊन कोंबड्यांना दाणे टाकत होता. तिला बघून तो मागे सरला.

"तो बघ, फांदीवर," ती म्हणाली. "गातोय का?"

"गातोय की. केव्हाचा."

"मला येत नाही रे ऐकू."

फिंटनने भांडं खाली ठेवलं. मग त्याने एक हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. थोड्या वेळाने खाली घेतला. "आता थांबला," तो म्हणाला. मग पुन्हा हात वर केला.

अट्रॅक्टा फाटकाला धरून उभी राहिली, आणि तिचे डोळे फांदीवर नव्हते, फिंटनच्या हातावर होते.