मेंढरांचे दात बघणारा बिरदेव

बिरदेवनं सकाळी चहा बशीत ओतून पार गार केला आणि मान डावीकडं कलती करून प्यायला, तेव्हापासून त्याच्या आईचं, मंगलचं, कशातच लक्ष लागत नव्हतं. छत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप कावळ्यासारखी मान वाकडी करून चहा पितो, म्हणजे तोंडात पुन्हा काहीतरी शिजतंय. उजवा गाल तर सुजून डोळ्याला भिडला होता.

"माशी चावली," तो म्हणाला.

"चार दिवस एकच माशी चावतीय व्हय रं?"

"आये, भाकरी दुधात कुस्करून दे."

वडूजपासून आटपाडीपर्यंत बिरदेवचं नाव होतं ते दातांमुळेच. मेंढरांच्या. आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात मेंढा घ्यायचा तर लोक आधी त्याला शोधत. तो मेंढ्याचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबायचा, एक नजर टाकायचा आणि दातांवरून वय सांगून मोकळा व्हायचा: दोनदाती म्हणजे तरणा, चौदाती, नाहीतर सगळे दात आलेला, जुळलेला. एका व्यापाऱ्यानं म्हाताऱ्या मेंढ्याचे दात कानशीनं घासून तरणे केले होते. बिरदेव म्हणाला, "पावनं, ह्यो मेंढा तुमच्या लग्नात नाचला असंल." पाहुणे मेंढ्यासकट बाजारातून गेले.

अशा माणसाच्या स्वतःच्या तोंडात बनावट माल होता. सहा वर्षांपूर्वी एका मेंढ्यानं ढुशी देऊन त्याचा वरचा दात पाडला, हसलं की दिसेल असाच नेमका. कराडच्या डॉक्टरीणबाईंनी शेजारचे दोन दात घासले आणि त्यांच्यावर टोप्या चढवून मधे खोटा दात टांगला. याला ब्रिज म्हणतात. तेव्हा बाजार चुकले, त्याचं कारण बिरदेवनं लोकांना ताप म्हणून सांगितलं होतं. खरी गोष्ट फक्त आईला आणि बायकोला, राणीला माहीत होती.

डॉक्टरीणबाईंनी दर सहा महिन्यांनी दाखवायला बोलावलं होतं. हा सहा वर्षांत एकदाही गेला नाही. "खोट्या दाताला कीड लागंल कशी?" असं त्याचं शास्त्र. टोप्यांच्या आत तुझेच दात आहेत बाबा, ते जिवंत आहेत, हे मंगलनं किती वेळा सांगितलं. ती कराडच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. पण बिरदेव तिचं शिक्षण लग्नपत्रिकेसारखं मानत असे: नाव वाचायचं आणि बाजूला ठेवायचं.

गेल्या आठवड्यात ती त्याला जवळजवळ कान धरूनच कराडला घेऊन गेली. एक्स-रे निघाला.

"ब्रिज वरून छान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्याच्याखालचा मागचा दात किडून पोकळ झालाय. मुळाशी पू आहे. ब्रिज कापून काढावा लागेल. लवकर आलात तर दात वाचेल. पू पसरला तर मात्र ॲडमिट व्हावं लागेल."

"आन् नवा कवा बसंल?"

"महिनाभर तरी जाईल."

महिना म्हणजे चार बाजार. मेंढ्याचे दात मोजणाऱ्यालाच दात नाहीत, हे बिरदेवला डोळ्यांपुढं दिसलं असावं. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन तो उठला तो दवाखान्यात गळ्यात अडकवलेल्या निळ्या कागदासकट एसटी स्टँडवर पोचला. दोन दिवस गोळ्या घेतल्या, ठणका कमी झाला, उरलेल्या गोळ्या कोनाड्यात गेल्या.

आज दुपारी राणी हळूच म्हणाली, "आत्याबाई, ह्यांचं अंग तापलंय. आन् शनवारी केरबातात्यांसंगं तीस मेंढं बघायला जायचं म्हणत्यात."

केरबातात्या म्हणजे बिरदेवचे गुरू. सत्तरी ओलांडलेले, तोंडात चार दात आणि चारही दाखवत हसणारे. दातांची सगळी विद्या त्यांनी शिकवली, आणि दातांचं हे गुपित बिरदेवनं लपवलं तेही त्यांच्यापासूनच.

मंगल बाजेशी जाऊन उभी राहिली. सूज आता खालच्या पापणीवर चढली होती. डोळा अर्धा मिटलेला.

"तोंड उघड बघू."

"न्हाई."

"अरे, नुसतं बघती."

"बघून तुला काय कळणार हाय?"

"मेंढ्यालाबी असंच विचारत बसतोस व्हय?"

"मेंढ्याला कोण इचारतंय," तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला. "धरतो."

मंगल बाहेर आली. आठवडाभर ती त्याला विचारतच होती. धरायची ताकद तिच्यात नव्हती, राणीत नव्हती, डॉक्टरीणबाईंच्या एक्स-रेतही नव्हती. ज्याच्यापुढं बिरदेव मुकाट तोंड उघडेल असा माणूस तालुक्यात एकच होता. पण त्या माणसाच्या तोंडात चार दातांआड काहीच टिकत नसे. शनिवारपर्यंत चहाच्या प्रत्येक टपरीवर बिरदेवचे दात मोजले गेले असते. लेक महिनाभर तिच्याशी बोलला नसता. दोन महिनेही नसता.

न बोलणारा लेक तिनं आधीही सांभाळला होता. त्या मिटत चाललेल्या डोळ्याकडं बघत शनिवारची वाट बघणं तिला जमणार नव्हतं. तिनं राणीला बिरदेवच्या चपला लपवायला सांगितलं आणि फोनमध्ये केरबातात्यांचा नंबर काढला.