करी पावडर न विकणारा दुकानदार

गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू सहजासहजी मिळू द्यायची नाही, हे तत्त्व पाळून वर्षानुवर्षं दुकान चालवणारा माणूस अख्ख्या कॅनडात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या मावशीचा नवरा होता. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते मला जावईबापू म्हणायचे, आणि त्या शब्दात आदर किती आणि कीव किती, हे मला कधीच कळलं नाही. मूळचे अकोल्याचे. समुद्र पाहिला तो थेट चाळिशीत, आणि पाहिल्याबरोबर हॅलिफॅक्सच्या बंदरालगत खाली वाणसामानाचं दुकान आणि वर घर थाटून मोकळे झाले. इमारत दगडी, एकोणिसाव्या शतकातली. ती बांधणारा व्यापारीही बोटीतून आलेला परदेशीच. चहा, साखर आणि खारवलेले मासे विकायचा, एवढीच माहिती काकांना लायब्ररीत मिळाली होती. तेवढ्यावर त्यांनी त्याला घरातलाच करून टाकलं. पाइप गोठला की म्हणायचे, "थोरल्या शेठनं इथं हिवाळे कसे काढले असतील, बाप्पा!" लक्ष्मीपूजनाला बत्ताशांची एक वाटी त्याच्या नावाने वेगळी असे. मावशी मात्र ती वाटी देवांपासून हातभर लांब ठेवायची. कितीही झालं तरी मासे विकणारा माणूस!

मी हॅलिफॅक्समध्ये नवा होतो तेव्हा एकदा फ्रोझन पराठे घ्यायला गेलो. "पोळ्या कोण करते घरी?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, "कोणीच नाही, दोघांनाही जॉब आहे." "मग कणीक न्या. शिका." पराठे फ्रीझरमध्ये परत गेले आणि मी कणकेचं पोतं खांद्यावर घेऊन बर्फातून घरी आलो. कच्चे आंबे ते विकत नसत, कारण ते कच्चे. आणि पिकलेले विकत नसत, कारण ते घरी खायचे. हे दुकान चाललं कसं, असं मी एकदा मावशीला विचारलं. ती म्हणाली, "ते जेवायला वर आले की मी खाली बसते."

एकदा जवळच राहणारी एक रिटायर्ड शिक्षिका करी पावडर मागायला आली. "नो सच थिंग, मॅडम," काका म्हणाले. बाकी सगळे विकतात, असं तिने सांगताच "दे आर ऑल लायिंग" म्हणून त्यांनी हात झटकले. मग नेहमीची उलटतपासणी झाली. नवरा गेल्यापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं, काहीतरी चवीचं करून बघावं म्हणून आली होती. धने, जिरे, हिंग अशा पुड्या बांधून काकांनी तिच्या हातात दिल्या आणि एकेक हुंगून बघायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती हिंगाची पुडी दोन बोटांत धरून परत आली. यात काहीतरी मेलंय, अशी तिची तक्रार होती. तेव्हा मावशी तिला वर स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि फोडणी करून दाखवली. त्यानंतर ती दर आठवड्याला येऊ लागली. मावशीला इंग्रजी येत नव्हतं, शिक्षिकेला मराठी. त्यामुळे दोघींचं कधी भांडण झालं नाही.

आणि मग मावशीला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं थांबलं, आणि हॉस्पिटलमधलं जेवण ती तोंडाजवळही येऊ देईना. साऱ्या गावाला काय शिजवावं ते सांगणाऱ्या काकांना स्वतःला चहासुद्धा करता येत नाही, हे आम्हाला तेव्हा समजलं. दुकान बंद करून ते खाटेशेजारी बसून राहिले. माझ्या बायकोने खिचडी नेली, तीही मावशीने हाताने दूर सारली. एके दुपारी ती शिक्षिका डब्यात वरण घेऊन आली. एक चमचा तोंडात गेला. मावशीने डोळे मिटले, घास बराच वेळ घोळवला आणि मग जड जिभेने, पण आम्हा सगळ्यांना समजेल असं म्हणाली, "हिंग... जास्त झाला." काका उठून बाहेर गेले. कॉरिडॉरमधून त्यांच्या रडण्याचा आवाज आला तेव्हा शिक्षिका घाबरून विचारू लागली, "इज इट दॅट बॅड?"

मावशी सावरली, पण दुकानावरच्या घराचा लाकडी जिना तिला चढवेना. दुकान विकून दोघं मार्कहॅम शहरात मुलीकडे राहायला गेली. गेल्या उन्हाळ्यात मी तिकडे गेलो होतो. काका मला जवळच्या भल्यामोठ्या इंडियन स्टोअरमध्ये घेऊन गेले. मावशी व्हीलचेअरवर, खुर्ची ढकलायला ते. लोक भराभर ट्रॉल्या भरत होते आणि मशीनसमोर स्वतःच बिल करून निघून जात होते. काका एका बाजूला उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "इथं सगळं मिळते, जावईबापू. कोणाले काही विचारावंच लागत नाही."

मावशीने उजव्या हाताने त्यांच्या शर्टाची बाही हलकेच ओढली. काकांनी खुर्ची दाराकडे वळवली.